संध्याकाळची मान

सकाळी ती जागेवर असते.
दूधवाल्याशी हुज्जत घालताना, शिट्ट्या मोजताना,
खिडकीतून दांडिया बाजारातल्या रिक्षा बघताना
मला मान आहे हे आठवतसुद्धा नाही.

चारनंतर जड होत जाते.
दुखत नाही. मागून कुणी हळूच दोरी सैल सोडावी
तशी हनुवटी छातीकडे निघते
आणि मी खाली तळहात लावून बसते.
समोरची हंसाबेन म्हणते, वृंदाबेन, बहु विचार करो छो.
विचार कसला. डोकं धरून ठेवलंय.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला,
मणके झिजलेत म्हणाले, पट्टा दिला.
साठीत कुणाचे झिजलेले नसतात?
दुसऱ्यांनी पापण्या तपासल्या: नीट. दोन-दोन दिसतं का: नाही.
गिळता येतं, हसता येतं, आवाज खणखणीत.
म्हणजे तो आजार नाही, असं म्हणून
कोणता ते न सांगता त्यांनी कागद परत दिले
आणि विचारलं, घरात काही ताण?

ताण होता.
सासूबाईंच्या पाटल्या सापडत नव्हत्या.
तेराव्याच्या संध्याकाळी सगळे बसले,
मोठे दीर, नणंद, पुण्याहून आलेला पुतण्या.
जाऊबाई, मंदाकिनी, म्हणाली,
शेवटचे सहा महिने किल्ली कुणाकडे होती ते सगळ्यांना ठाऊक आहे.
साडेसात वाजले होते.
दिवसभरात मी चाळीस पानं वाढली होती.
मला म्हणायचं होतं, किल्ली होती, पाटल्या नव्हत्या.
एकेकाच्या डोळ्यांत बघून म्हणायचं होतं.
माझी मान खाली गेली.

मराठीत याचा एकच अर्थ होतो.

दीर म्हणाले, जाऊ दे, घरातलं घरात राहू दे.
मला फरशीवर भाताचं एक शीत दिसत होतं.
मी त्या शिताला सांगितलं, मी घेतल्या नाहीत.
सगळ्यांनी ऐकलं. ऐकून काय,
मान आधीच बोलून गेली होती.

सयाजी हॉस्पिटलात एक शिकाऊ मुलगी भेटली, बिनल.
फाइल न उघडता तिनं विचारलं: सकाळी कशी असते?
अकरा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
खांद्याला वायर लावून बारीक झटके दिले,
पडद्यावर रेघा, पहिलीपेक्षा दुसरी बुटकी, दुसरीपेक्षा तिसरी,
नवलखी वावेत उतरताना असतात तशा पायऱ्या.
बहुतेकांना डोळ्यांपासून सुरू होतो, म्हणाली,
तुम्हाला मानेतून आला.
जराशी खूशच वाटली.

रावपुऱ्याच्या पोस्टात एकतीस वर्षं मी छाननी केली,
म्हणून तिनं सांगितलेलं मला असं कळलं:
टपाल वेळेवर निघतं, पत्ता बरोबर असतो,
पोस्टमन दारापर्यंत जातो,
आणि घरातल्याच कुणीतरी पेट्यांची तोंडं चिकटवून ठेवलीत.
सकाळी काही उघड्या सापडतात.
संध्याकाळी गठ्ठे दारातच.
का चिकटवली? ते नक्की माहीत नाही, ती म्हणाली.
घरातल्यांचं तसंच असतं,
हे मी म्हटलं नाही.

आता गोळी आहे. अर्ध्या तासात मान येते, चारेक तास टिकते.
पोटात मुरडा येतो, तोंडाला पाणी सुटतं, तेवढं चालतं.
रिपोर्टची झेरॉक्स मोठ्या दिरांना पाठवली.
लवकर बऱ्या व्हा, असं उत्तर आलं, हात जोडलेल्या चित्रासकट.
पाटल्यांचं काही नव्हतं.
आजार खरा निघाला म्हणून आरोप खोटा ठरत नाही,
एवढं मलाही कळतं.

गुरुवारी आठला गोळी घेऊन मंदाकिनीकडे गेले.
इतक्या सकाळी? म्हणाली. पापडी सोलत होती.
मी समोर बसले, मूठभर शेंगा ओढून घेतल्या
आणि सोलता सोलता तिच्याकडे बघत राहिले.
नुसतं बघत.
तिनं एकदा वर पाहिलं, मग पुन्हा ताटात.
त्याचा अर्थ मी लावला नाही.
मान खाली जायला कारणं पुष्कळ असतात,
शेंगा सोलणं हे त्यातलंच एक.

अकराला उठले.
अजून तासभर हातात होता.